इस्फहानचा हिंग

दूरच्या प्रवासाहून परतलेल्या मनुष्यास आपल्याकडे सर्वांत आधी जो प्रश्न विचारण्यात येतो तो 'काय पाहिलेत?' हा नव्हे, 'काय आणलेत?' हा होय. काशीहून येणाऱ्याने गंगा आणावी, पंढरपुराहून येणाऱ्याने बुक्का व चुरमुरे आणावे, ही चाल आपल्या घरांत इतकी मुरलेली आहे की, रिकाम्या हाताने परतणारा मनुष्य मुळी प्रवासास गेला होता की नाही, अशी शंका मुलांस येते. आशिया खंडातील काही प्राचीन व बाजारपेठांसाठी विख्यात अशी नगरे आम्ही दोन खेपांत पाहिली. पहिली खेप १९९८ साली इराणात व दुसरी २०११ साली उझबेकिस्तानात झाली. तेथे काय पाहिले हे आम्ही आजवर पुष्कळांस सांगितले आहे. काय आणले, हे सांगणे मात्र आम्हांस बरीच वर्षे जड गेले. आज दोन्ही सांगावयाचे योजिले आहे.

आमचे घर शहापूर तालुक्यात, तानसा तलावाच्या अंगास आहे. येथील धरण १८९२ साली पुरे झाले आणि तलावाचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईस जाऊ लागले. ते आजही जात आहे. ज्या पाण्याने त्या महानगरीची तहान भागते त्या पाण्याच्या आसपासच्या कित्येक पाड्यांवर वैशाखात बायका डोक्यावर हंडे घेऊन मैल मैल चालतात, हे आमच्या भागाचे जुने दुःख होय. आमच्या थोरल्या वहिनी म्हणत, "इथले पाणी मुंबईस जाते, इथली माणसे मुंबईस जातात, मागे राहते ते घर." ते घर त्यांनी राखले. १९५६ साली त्या लग्न होऊन आल्या तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. चार भाऊ, त्यांच्या बायका, मुले आणि एक विधवा आत्या एवढा परिवार त्यांच्या हाताखाली एका चुलीवर जेवला. त्यांचे माहेर कल्याणचे. कल्याणच्या पलीकडे त्या दोनदाच गेल्या. एकदा पंढरपुरास व एकदा काशीस.

१९९८ च्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटोपल्यावर, आमच्यासारख्या इतिहासाच्या काही शिक्षकांनी मिळून इराणचा प्रवास ठरविला. सौभाग्यवतीही बरोबर होत्या. निघण्याच्या आदल्या रात्री वहिनी माजघराच्या दाराशी आल्या व रुमालात बांधलेले पाचशे रुपये त्यांनी आमच्या हाती दिले. ते त्यांच्या भावांनी घातलेल्या ओवाळणीचे पैसे होते, घरखर्चातले नव्हते.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "तिकडे हिंगाचा देश आहे म्हणतात. खरा हिरा हिंग मिळाला तर आणा. लहानपणी माहेरी पठाण दारावर विकावयास येई. तसा हिंग पुन्हा डोळ्यांनी पाहिला नाही."

बेचाळीस वर्षांत वहिनींनी आमच्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू.

इस्फहान हे नगर पाहण्यापूर्वी आम्ही मुलांस ते वीस वर्षे शिकविले होते. शाह अब्बास याने १५९८ साली आपली राजधानी येथे हलविली आणि नगराच्या मध्यभागी एक विशाल चौक आखविला. त्यास नक्श-ए-जहान, म्हणजे जगाचे चित्र, असे नाव आहे. चौकाची लांबी सुमारे ५६० मीटर व रुंदी १६० मीटर. दक्षिणेस निळ्या कौलांची शाही मशीद, पूर्वेस शेख लुत्फुल्लाची लहानशी पण रंगाने सर्वांहून मोहक मशीद, पश्चिमेस आली कापूचा राजवाडा आणि उत्तरेस कैसरियेचे द्वार. धर्म, राज्य आणि व्यापार एकाच अंगणात समोरासमोर बसविले आहेत. कैसरियेच्या द्वारातून आत शिरले की छताखालचा बाजार सुरू होतो, आणि त्या घुमटांच्या रांगेखालून चालणाऱ्यास बाहेर ऊन आहे की रात्र, याचे भान राहात नाही. प्रत्येक घुमटाच्या डोक्यावरील छिद्रातून उन्हाचा एक कवडसा खाली उतरतो व त्यात मसाल्याची धूळ तरंगत असते.

त्या बाजारात आम्हांस परके वाटले नाही. ह्याचे कारण आमच्या कानांनी आम्हांस सांगितले. बाजार, दुकान, किंमत, दलाल, तराजू, कागद, पोलाद ही सारी आमचीच माणसे तेथे हिंडत होती. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांजकडून राजव्यवहारकोश करविला व राज्यकारभारातील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले, हे सर्वांस ठाऊक आहे. दरबारातून फारसी शब्द काहीसे मागे हटले. बाजारातून मात्र ते हटले नाहीत. राजाज्ञेपेक्षा तराजूची भाषा चिवट असते. चौकाच्या एका अंगास तांबटांची दुकाने आहेत. तेथील हातोड्यांचा नाद ऐकताच आमच्यापैकी एक पुणेकर सद्गृहस्थ उद्गारले, "ही तर आपली तांबट आळी!" सतराव्या शतकात ह्याच पेठांतून मुलतानचे हिंदू व्यापारी व सावकार मोठ्या संख्येने व्यवहार करीत असत. तेव्हा येथे आमच्यासारखे चेहरे दिसणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे.

संध्याकाळी आम्ही झायंदे रूद नदीच्या काठी गेलो. नदीवर तेहतीस कमानींचा पूल आहे; तो शाह अब्बासाचा सेनापती अल्लावर्दी खान याने सतराव्या शतकाच्या आरंभी पुरा करविला. कमानींखाली बसून वृद्ध लोक गात होते. छापील कापड करणारे कलमकार लोक पूर्वी आपली वस्त्रे ह्याच पाण्यात धूत असत. झायंदे रूद म्हणजे जीवन देणारी नदी. आज ती वर्षातील पुष्कळ काळ कोरडी असते. अवर्षण आणि वरच्या अंगास वळविलेले पाणी ही त्याची कारणे होत. नदीचे पाणी वाटेतच दुसरीकडे नेले म्हणजे मागे राहणाऱ्यांचे काय होते, हे तानशाच्या मनुष्यास समजावून सांगावे लागत नाही. तथापि १९९८ साली नदीस पाणी होते, पुलाखाली गाणे होते आणि आमच्या खिशात वहिनींचे पाचशे रुपये होते.

दुसऱ्या दिवशी बाजारात आम्हांस एक पेटी दिसली. लाकूड, हाड व पितळेची तार यांचे तिळाएवढे त्रिकोण जुळवून त्यांच्या चांदण्या करावयाच्या व त्या लाकडावर जडवावयाच्या, ह्या कलेस तेथे खातमकारी म्हणतात. वीतभर लांबीच्या त्या पेटीवर अशा शेकडो चांदण्या होत्या. आम्ही किंमत विचारली. दुकानदाराने छातीवर हात ठेवून म्हटले, "काबेल नदारे." ह्याचा अर्थ, ही वस्तू आपल्या योग्यतेची नाही, अर्थात आपण ती अशीच न्यावी. हा तेथील शिष्टाचार आहे. ग्राहकाने दोन-तीन वेळा आग्रह करावा, मग किंमत सांगण्यात येते. आमच्यातील एका भोळ्या गृहस्थांनी आदल्या दिवशी हे शब्द खरे मानून एक पितळी ताटली घेऊन चालावयास प्रारंभ केला होता! आम्ही शहाणे झालो होतो. आम्ही आग्रह केला. "तीस हजार," दुकानदार म्हणाला. आम्ही दहा हजार रियालांच्या तीन नोटा त्याच्या पुढे ठेविल्या. तो हसला आणि अशा आणखी सत्तावीस नोटा हव्यात, असे त्याने बोटांनी दाखविले. तेथे सरकारी नाणे रियाल असले तरी बोलीत हिशेब तुमानात होतो, व एक तुमान म्हणजे दहा रियाल. ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचली होती. पण नेमक्या क्षणी ती आम्हांस आठवली नाही.

त्या वेळी "मला परवडत नाही" एवढे म्हणून पेटी परत ठेवावयास काहीच हरकत नव्हती. दुकानदाराने कपाळास आठी घातली नसती. पण भोवती आमचे सहप्रवासी उभे होते. त्यांच्यापुढे चूक कबूल करण्यापेक्षा पैसे मोजणे आम्हांस सोपे वाटले. स्वतःचे पैसे पुरले नाहीत, तेव्हा रुमालातले घातले.

आणि हिंग? शेवटच्या दिवशी आम्ही तो शोधण्याचा देखावा केला. दहा दुकानांत 'हिंग, हिंग' असे विचारले. कोणास काही उमगले नाही. इराणच्या कोरड्या डोंगरांत हिंगाचे झाड उगवते, त्याच्या मुळास चीर देऊन चीक काढतात व तो वाळवून परदेशी पाठवितात. परंतु तेथील लोक तो स्वयंपाकात फारसा वापरीत नाहीत. तो औषधी वस्तू विकणाऱ्या अत्ताराकडे मिळतो व त्याचे तिकडील नाव अंगुजे. हे आम्हांस पुढे कळले. आणखी एक नवल सांगावयाचे तर, ज्या देशात हिंगावाचून आमटीस फोडणी बसत नाही त्या आपल्या देशात शतकानुशतके हिंगाचे पीकच नव्हते. पालमपूरच्या शास्त्रज्ञांनी हिमाचलातील लाहौल खोऱ्यात पहिली रोपे लावली ती २०२० च्या ऑक्टोबरात. असो. खरे सांगावयाचे तर, त्या दिवशी इस्फहानात हिंगाचे नाव ठाऊक असते तरी तो घेण्यास आमच्याजवळ पैसे उरले नव्हते.

मुंबईस उतरल्यावर आम्ही जे केले ते लिहिताना आजही लेखणी अडखळते. सौभाग्यवतींस दादरला आप्तांकडे ठेवून आम्ही मशीद बंदरास गेलो, तेथील मसाल्याच्या पेठेत पाचशे रुपयांचा उत्तमातला उत्तम हिंग घेतला व इस्फहानहून आणलेल्या मिठाईच्या रिकाम्या डब्यात तो भरला. डब्यावर फारसी अक्षरे होती. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "वहिनींना खरे सांगितले असते तर त्या रागावल्या नसत्या." आम्ही उत्तर दिले नाही.

वहिनींनी डबा दोन्ही हातांनी घेतला, उघडला, वास घेतला आणि क्षणभर आमच्याकडे पाहिले. "छान आहे," त्या म्हणाल्या. मार्गशीर्षात कुलधर्माच्या दिवशी पंक्तीस तीस पाने होती. आमटी वाढताना आमच्या पुतण्याने मोठ्या ऐटीने सर्वांस सांगितले, "ही इस्फहानच्या हिंगाची आमटी बरे का!" पाहुण्यांनी भुरके मारून वाहवा केली. वहिनी काही बोलल्या नाहीत. खातमकारीची पेटी आमच्या खोलीत कपाटावर होती. तिच्या चांदण्यांकडे त्या रात्री आमच्याने पाहवले नाही.

तेरा वर्षे अशी गेली. त्या तेरा वर्षांत घरात कोणी प्रवासाचा विषय काढला की आम्ही इस्फहानच्या घुमटांचे वर्णन करीत असू. डब्याचे नाव निघाले की पाणी पिण्यास उठत असू. २०११ साली, निवृत्तीनंतर, बुखारा-समरकंदचा योग आला. निघण्याच्या आदल्या रात्री वहिनी पुन्हा माजघराच्या दाराशी आल्या. त्यांचे वय त्र्याहत्तर झाले होते. त्यांनी पुन्हा रुमालात बांधलेले पैसे आमच्या हाती दिले.

"भावोजी, ह्या खेपेस हिंग नको. तुम्हांला बरे वाटेल ते आणा." दोन पावले जाऊन त्या थांबल्या. "मात्र तिथलेच आणा."

बस्स, एवढेच! ह्या वाक्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. प्रवासाचे दहा दिवस ते 'मात्र' आमच्या सामानाबरोबर हिंडले.

समरकंदात रेगिस्तान चौकात तीन मद्रसे समोरासमोर उभे आहेत. त्यांपैकी सर्वांत जुना तैमूरचा नातू उलुगबेग याने १४१७ ते १४२० या काळात बांधविला. हा राजा ज्योतिषी होता. त्याने नगराबाहेर वेधशाळा उभारली व सहस्राहून अधिक ताऱ्यांची सारणी १४३७ साली सिद्ध केली. सवाई जयसिंगाने दिल्ली-जयपूरच्या वेधशाळा बांधताना ह्याच परंपरेचा आधार घेतला. इतक्या मोठ्या विद्वानाचा अंत १४४९ साली स्वतःच्या मुलाच्या आज्ञेने झाला, हे आठवले म्हणजे आकाश वाचणे सोपे आणि घर वाचणे कठीण, असे वाटू लागते. चौकापासून थोड्या अंतरावर बीबी खानुमची भव्य मशीद आहे. तैमूरने १३९८ साली दिल्ली लुटली व पुढच्याच वर्षी हिचे काम काढले. हिंदुस्थानातून नेलेले हत्ती व पाथरवट ह्या कामावर राबले. आज मशिदीच्या भिंतीस लागूनच समरकंदचा मोठा बाजार भरतो. आम्ही तेथे खरबुजे, बेदाणे व ठसा उमटविलेल्या चकचकीत रोट्यांचे ढीग पाहिले. पण लुटीच्या आठवणीपुढे आमचे मन खरेदीस धजेना.

बुखाऱ्यात पाऊल टाकताच आम्हांस हसू आले. नगरातील सर्वांत उंच मनोरा ११२७ साली बांधलेला आहे व त्याचे नाव कल्याण! फारसी 'कलान', म्हणजे मोठा, ह्या शब्दाचे ते रूप आहे. चंगीझखानाने १२२० साली बुखारा जाळला, पण हा मनोरा राहिला. सुमारे सेहेचाळीस मीटर उंचीच्या त्या विटांच्या खांबाखाली उभे राहून आम्ही मनात म्हटले, वहिनी, आम्ही जग पालथे घालून पुन्हा कल्याणासच आलो.

बुखाऱ्याच्या चव्हाट्यांवर सोळाव्या शतकातील व्यापारी घुमट आहेत. जेथे दोन रस्ते मिळतात तेथे घुमट बांधावयाचा व त्याखाली एका धंद्याची दुकाने बसवावयाची, अशी ही रचना. एक जरगरांचा, म्हणजे सोनारांचा. एक टोप्या विकणाऱ्यांचा. आणि एक 'सर्राफोन', अर्थात सराफांचा. ह्या सराफकट्ट्यावर हिंदुस्थानी सावकारही बसत. तेथे भावास 'नार्ख' म्हणतात. आमच्या आजोबांच्या हिशेबाच्या वहीत 'निरख' हा शब्द होता. तो आम्हांस तेथे पुन्हा भेटला. त्या काळी उझबेकिस्तानात हजार सोमांहून मोठी नोट नव्हती. म्हणून साधी खरेदी करावयाची तरी नोटांची पुडकी पिशवीत घालून न्यावी लागत, आणि सराफांच्या घुमटाखाली पुडकी मोजीत बसलेला शिक्षक पाहून खुद्द आम्हांसच आमचे कौतुक वाटले.

नगराच्या मध्यभागी लब-ए-हौज, म्हणजे हौदाचा काठ, नावाचे तळे आहे. ते १६२० च्या सुमारास बांधले. बुखाऱ्यात पूर्वी असे अनेक हौद होते व भिस्ती त्यांतील पाणी घरोघर पोहोचवीत. त्या पाण्याबरोबर एक रोगही घरोघर जाई. त्याचे तिकडील नाव 'रिश्ता', म्हणजे दोरा. हा आपला नारू! आमच्या लहानपणी पायातून निघणारा नारू काडीला गुंडाळून बसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. सोव्हिएत राजवटीत तेथील बहुतेक हौद आटवून बुजविण्यात आले व नळ आले, तेव्हा बुखाऱ्याचा नारू गेला. आपला देश त्यातून मुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले. तुतीच्या जुनाट झाडांखाली त्या हौदाकाठी बसून चहा पिताना, एकाच दोऱ्याने दोन देश कसे बांधलेले असतात, याचा हा एक निराळाच प्रकार आम्हांस दिसला.

तेथेच जवळ, एका जुन्या मद्रशाच्या ओवरीत, एक मध्यम वयाची बाई भरतकाम मांडून बसली होती. सुती कापडावर रेशमी धाग्यांनी डाळिंबे व वाटोळी फुले भरलेली मोठी वस्त्रे. ह्यांस सुझनी म्हणतात. सुझन म्हणजे सुई. आपल्या घरी पलंगावर घालतात ती सुजनी ह्याच कुळातली. मुलगी लहान असतानाच तिच्या लग्नासाठी अशी सुझनी भरावयास घेतात. कापडाच्या चार-सहा पट्ट्या तात्पुरत्या टाचून त्यांवर नक्षी रेखावयाची, मग पट्ट्या सुट्या करून घरातील निरनिराळ्या बायकांनी त्या भरावयाच्या व शेवटी पुन्हा जोडून शिवावयाच्या, अशी तेथील रीत.

आम्ही एक सुझनी निवडली. उलगडून पाहतो तो मधोमध जे मोठे फूल होते ते शिवणीवर नीट जुळत नव्हते. अर्ध्या फुलाचा रंग डाळिंबी, अर्ध्याचा विटकरी. एका बाजूची पाकळी दुसऱ्या बाजूहून बोटभर वर. इस्फहानात शिकलेला धडा आम्ही विसरलो नव्हतो. आम्ही दुभाषाकडून म्हणविले की, हा दोष आहे, तेव्हा निरख उतरवावा. बाई हसली. एक पट्टी तिच्या सासूने भरली होती, दुसरी जावेने आणि मधली तिने. "जुळले असते," ती म्हणाली, "तर ते एकटीनेच केले असते."

आम्ही पुढे घासाघीस केली नाही. पुडकी मोजली आणि वस्त्र घेतले. ते कोठे घेतले, कोणी भरले व काय भावाने घेतले, हे सारे शब्दशः सांगता येईल, ह्या विचाराने मनास जे हलकेपण आले ते इस्फहानच्या चांदण्यांनी कधी दिले नव्हते.

घरी आल्यावर आम्ही सुझनीची घडी उलगडण्यापूर्वी कपाटावरची पेटी खाली काढली व वहिनींपुढे ठेविली. तुमान, सत्तावीस नोटा, मशीद बंदर, मिठाईचा डबा, सर्व सांगितले. आमचे वय पासष्ट होते. आवाज मात्र दहा वर्षांच्या मुलाचा झाला होता.

वहिनी शेंगा सोलीत होत्या. त्यांनी हात थांबविले नाहीत. "मला डबा उघडताच कळले होते," त्या म्हणाल्या. "पठाणाचा हिंग डिंकासारखा चिकट असे, खड्याखड्यांचा. तुमचा कणीक घालून बांधलेला. तो आपल्याकडेच होतो."

"मग त्या वेळी बोलला का नाहीत?"

"तीस माणसे पानावर बसली होती. आणि हिंग चांगला होता, भावोजी. पाच वर्षे पुरला."

मग त्यांनी पेटी उचलून पदराने पुसली. "हिच्यात माझ्या ओवाळणीचे पैसे आहेत ना? मग ही देवघरात राहील." त्या दिवसापासून पेटीत देवाचे हळदकुंकू राहू लागले. सुझनीवर मात्र त्यांचे प्रेम जडले. न जुळलेल्या फुलावरून त्या बोट फिरवीत व धाकट्या जावांस हाका मारून दाखवीत, "बघा, ही सासूची पाकळी, ही जावेची." वहिनी २०१७ साली गेल्या. चुली आता तीन झाल्या आहेत. पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास ती सुझनी आजही माजघरात अंथरण्यात येते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. २०११ च्याच मार्गशीर्षात वहिनी म्हणाल्या, "तुम्ही एवढे व्यापाराचे रस्ते पाहिलेत. आपल्याकडे तसा एखादा नाही काय?" आम्ही इतिहासाचे शिक्षक, आणि आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात नाणेघाट आहे हे आम्हांस एका वृद्ध गृहिणीने आठवून द्यावे! दुसऱ्याच आठवड्यात गाडी करून आम्ही सर्व निघालो. मुरबाडकडून वैशाखऱ्याजवळून जी पाऊलवाट घाट चढते ती वहिनींस झेपणारी नव्हती. म्हणून माळशेज चढून जुन्नरच्या बाजूने वळसा घेतला.

दोन सहस्र वर्षांपूर्वी कल्याण व सोपारे ही बंदरे होती. कल्याणचा उल्लेख ग्रीक दर्यावर्द्यांच्या पेरिप्लस या ग्रंथात आहे. त्या बंदरांतून निघालेला माल ह्याच खिंडीने सह्याद्री चढून जुन्नरास व तेथून पैठणास जाई. घाटाच्या माथ्याजवळ सातवाहनांची लेणी आहे. तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख असून अश्वमेधादी यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांच्या संख्या त्यात अंकांत कोरल्या आहेत. आपल्या देशातील जुन्यांत जुन्या अंकांपैकी ते होत. १८२८ साली कर्नल साइक्स याने ह्या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. राजघराण्याच्या मूर्तीही तेथे होत्या. आता त्यांची केवळ पावले उरली आहेत. वहिनी त्या पावलांपाशी पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. "माणसे गेली," त्या म्हणाल्या, "हिशेब राहिला."

खिंडीच्या वर एक दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्याने जकातीचे नाणे त्यात टाकावे, अशी रीत होती असे सांगतात. आम्ही मुलांस ती कथा सांगत होतो. शाह अब्बासाच्या चौकाइतकी किंवा बुखाऱ्याच्या घुमटांइतकी शोभा येथे नव्हती. वारा होता, खाली कोकण पसरले होते आणि धुरकटात मुरबाडची शेते दिसत होती. इतकी नगरे पाहिली, पण त्यांच्याकडे जाणारा रस्ता आमच्याच दारावरून गेला होता.

वहिनींनी काठी टेकून रांजणात डोकावून पाहिले.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "त्या हिंगाची जकात राहिली आहे."

आम्ही खिशातून रुपया काढला व आत टाकला. तळाशी तो वाजला. मुले हसू लागली; त्यांस काही ठाऊक नव्हते. वहिनींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "चला, उन्हे उतरण्यापूर्वी घाट उतरू."